वाळवंटातला साखरपुडा : सहारावी अंगठीची निवड

सहारावी मुलीला मागणी घालायला निघालेल्या मंडळींजवळ पूर्वी अंगठी नसे. चहाची पुडकी, शंकूच्या आकाराच्या साखरेच्या ढेपा, कापड, अत्तर आणि ऐपत असेल तर उंट, असा तो जामानिमा असे. दोन घरांतील वडीलधाऱ्यांनी एकमेकांना दिलेला शब्द हाच वाङ्‌निश्चय. आपल्याकडे ज्या विधीचे नावच 'साखरपुडा' आहे त्यात अंगठी जशी मागाहून येऊन बसली, तशीच ती सहारावी समाजातही अलीकडच्या काळात येऊन बसली आहे. आता तिच्यावाचून बोलणी पुरी झाल्यासारखे अनेक तरुणांना वाटत नाही. आणि ज्यांच्या हाती पैसा बेताचा आहे, त्यांच्यापुढे अंगठी कोणत्या धातूची, कोणाकडून आणि किती किमतीची घ्यावी, हा प्रश्न उभा राहतो.

हा समाज कुठला, हे आधी सांगायला हवे. मोरोक्को, अल्जीरिया आणि मॉरिटानिया यांच्यामध्ये, अटलांटिक महासागराच्या काठाने पसरलेला पश्चिम सहारा ही सहारावींची भूमी. हस्सानिया ही अरबीची बोली त्यांची भाषा. १८८४ पासून येथे स्पेनची वसाहत होती. नोव्हेंबर १९७५ मध्ये माद्रिद येथे झालेल्या करारानंतर स्पेनने अंग काढून घेतले आणि मोरोक्को व मॉरिटानिया या शेजाऱ्यांनी प्रदेश वाटून घेतला. पोलिसारिओ आघाडीने २७ फेब्रुवारी १९७६ रोजी सहारावी अरब लोकशाही प्रजासत्ताकाची घोषणा केली. (भारताने या प्रजासत्ताकाला १९८५ मध्ये मान्यता दिली होती; २००० मध्ये ती काढून घेतली.) मॉरिटानियाने १९७९ मध्ये माघार घेतली, मोरोक्कोशी युद्ध १९९१ च्या शस्त्रसंधीपर्यंत चालले, आणि तीही नोव्हेंबर २०२० मध्ये मोडली. युद्धाच्या आरंभी घरदार सोडून निघालेल्या लोकांनी अल्जीरियातील तिंदूफ शहराजवळच्या उजाड पठारावर आसरा घेतला. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ मधील अंदाजानुसार तेथील छावण्यांत सुमारे १,७३,६०० निर्वासित होते. या छावण्यांना नावे आहेत ती सोडून आलेल्या गावांचीच : अल-आयून, स्मारा, औसर्द, दाखला, बुजदूर. उरलेले सहारावी मोरोक्कोच्या ताब्यातील शहरांत, मॉरिटानियात आणि स्पेनमध्ये विखुरले आहेत.

या विखुरलेपणाचा अंगठीशी थेट संबंध आहे. वर स्पेनमध्ये मजुरी करणारा, वधू तिंदूफजवळच्या छावणीत आणि मामा-मावश्या मॉरिटानियात, अशी लग्ने सहारावींमध्ये नवलाची नाहीत. मग अंगठी युरोत घ्यायची की अल्जीरियन दिनारांत, सराफाच्या काचेच्या कपाटातून घ्यायची की वाळूत बैठक मारून बसलेल्या कारागिराकडून, येथपासून विचार सुरू होतो.

शब्द आधी, दागिना मागून

मागणीच्या विधीला 'खित्बा' म्हणतात. मुलाकडची ज्येष्ठ मंडळी मुलीच्या घरी जातात, चहा होतो आणि मूळ विषय बऱ्याच उशिरा निघतो. सहारावी चहा तीन फेऱ्यांचा असतो व कोळशाच्या शेगडीवर सावकाश उकळतो, तेव्हा घाई करण्याची सोयच नाही. होकार मिळाल्यावर पुढे 'दफूअ' येतो. मुलाकडच्या भेटवस्तू वाजतगाजत मुलीच्या घरी नेण्याचा हा सोहळा. 'मेल्हफा' हे सहारावी स्त्रीचे अंगभर गुंडाळायचे लांब वस्त्र; त्याचे ठाण, अत्तरे, धूप, साखर, चहा, दागिने आणि जनावरे यांची ही मिरवणूक असते. स्त्रिया 'तबल' हा नगारा वाजवतात. लग्नाच्या रात्री मैत्रिणींनी वधूला लपवून ठेवायचे आणि वराच्या मित्रांनी तिला शोधून काढायचे किंवा खंडणी भरून सोडवायचे, या खेळाला 'तेरवाग' म्हणतात.

या सगळ्यात अंगठीसाठी राखून ठेवलेला मुहूर्त नाही, तिचा मंत्र नाही, बोटही ठरलेले नाही. ही गोष्ट बजेट सांभाळणाऱ्याच्या पथ्यावर पडणारी आहे. परंपरेने अंगठीचे वजन ठरवलेले नाही, हिरा सांगितलेला नाही आणि 'पगाराच्या इतकेपट' असे जाहिरातदारांनी पाश्चात्त्य देशांत रुजवलेले गणितही येथे लागू नाही. सहारावी परंपरेने ठरवून दिले आहे ते वेगळेच : वस्तू एकदा वधूला दिली की ती तिची.

ही बाब औपचारिक नाही. भटक्या जीवनात तंबू, म्हणजे 'खैमा', हा स्त्रीचा मानला जाई. पहिली बायको नसावी व दुसरी केली जाणार नाही, अशी अट विवाहाच्या करारात घालण्याची प्रथा हस्सानिया भाषकांमध्ये जुनी आहे. घटस्फोटित स्त्रीकडे येथे तुच्छतेने पाहिले जात नाही. तिचा पुनर्विवाह सहज होतो. अशा समाजात वधूचा दागिना हा सासरच्या इभ्रतीचा देखावा नसतो. तिच्या हातची ती मालमत्ता असते, आणि अडचणीच्या दिवशी मोडायची की नाही हेही तीच ठरवते.

मेहेर आणि हौस

अंगठीचा खर्च एकटा मोजता येत नाही. तो 'सदाक', म्हणजे मेहेर, आणि दफूअ यांच्या जोडीने मोजावा लागतो. सहारावी मुस्लिम मालिकी संप्रदायाचे अनुयायी आहेत. या संप्रदायात मेहेरची किमान मर्यादा आहे ती पाव दिनार सोने किंवा तीन दिरहम चांदी, म्हणजे जेमतेम नऊ ग्रॅमच्या आसपास चांदी. कमाल मर्यादा नाही, आणि सगळी अडचण तेथेच आहे. एका निर्धन अनुयायाला प्रेषितांनी निदान लोखंडाची अंगठी तरी शोधून आण असे सांगितले आणि तीही मिळेना तेव्हा त्याला मुखोद्गत असलेला कुराणाचा भाग हाच मेहेर मानला, ही हदीसमधील कथा मुस्लिम जगात सर्वत्र सांगितली जाते. मोरोक्कोच्या २००४ च्या कुटुंब कायद्यानेही मेहेर माफक ठेवणे इष्ट मानले आहे.

तिंदूफच्या छावण्यांनी हा प्रयोग प्रत्यक्ष करून पाहिला. आरंभीच्या वर्षांत तेथे रोख पैसा जवळजवळ नव्हताच. सगळे शिध्यावर जगत होते, पुरुष आघाडीवर होते आणि चळवळीचा आग्रह होता की मेहेर नाममात्र असावा, टोळीचा आणि उच्चनीचतेचा विचार लग्नात येऊ नये. १९९१ च्या शस्त्रसंधीनंतर चित्र पालटले. स्पेनच्या वसाहतकालीन सैन्यात नोकरी केलेल्या वृद्धांची निवृत्तिवेतने येऊ लागली, स्पेनमध्ये गेलेली मुले पैसे पाठवू लागली, छावण्यांत दुकाने उघडली. त्याबरोबर लग्नाचा खर्चही वाढत गेला. एकाने दिले म्हणून दुसऱ्याने द्यायचे, हे चक्र निर्वासितांच्या तंबूतही फिरते. आजही शिध्याच्या पिठावर संसार चालवणाऱ्या वस्तीत लग्नासाठी पैसा साठवताना तरुणांचे वय निघून जाते.

म्हणून अंगठीचा आकडा सर्वांत शेवटी ठरवावा, हे शहाणपणाचे. आधी मेहेर ठरावा, मग दफूअमध्ये काय जाणार ते ठरावे, मग नव्या घरातल्या गालिचा-गाद्या आणि भांडी, आणि उरेल त्यातून अंगठी. प्रत्यक्षात उलटे घडते. शहरातल्या सराफाकडे आधी अंगठी पसंत होते आणि मग गाद्यांसाठी उसनवारी होते.

चांदीचा मान

अशा वेळी चांदीची अंगठी देणे ही तडजोड वाटते. ती तशी मुळीच नाही. सहाराच्या भटक्या समाजांत दागिन्याचा धातू प्रामुख्याने चांदीच होता. जाड पैंजण, कडी, वेण्यांत ओवायचे मणी, चामड्यावर बसवलेले धातूचे पत्रे, आणि अंगठ्या. दक्षिण मोरोक्को व पश्चिम सहाराच्या पट्ट्यातील 'बोगदाद' नावाचे क्रूसाच्या आकाराचे पदकही चांदीचेच. शेजारच्या तुआरेग लोकांत तर सोने अशुभ मानण्याकडे कल होता. सोन्याची ओढ सहारावी घरांत वाढली ती शहरांबरोबर. अल-आयूनमध्ये मोरोक्कन धाटणीचे दागिने आले, स्पेनमधून चित्रे आणि चालीरीती आल्या. आजीच्या पेटीतले दागिने चांदीचे आणि नातीची हौस सोन्याची, असे चित्र त्यामुळे दिसते. बेताच्या पैशांत लग्न ठरवणाऱ्याला परंपरेचा आधार हवा असेल तर तो आजीच्या पेटीतच मिळेल.

हे दागिने घडवणारे कारागीर म्हणजे 'मअल्लम'. हा पिढीजात वर्ग. पुरुष धातू आणि लाकडाचे काम करतात, स्त्रिया चामड्याचे. आपल्याकडील बलुतेदारांप्रमाणे त्यांच्यावाचून कोणाचे चालत नसे, पण सामाजिक उतरंडीत त्यांना खालची जागा होती आणि त्यांची लग्ने बहुधा आपसांतच होत. छोटी ऐरण, भाता, मूस आणि कोरणी एवढ्या साहित्यावर त्यांचे काम चाले. चांदीची खाण जवळपास नव्हती; व्यापारातून हाती आलेली नाणी वितळवून दागिना घडे. नक्षी भौमितिक असते : त्रिकोण, ठिपके, समांतर रेघा, कधी चांदीत बसवलेली तांब्याची किंवा पितळेची रेघ. साच्यातून निघालेल्या बाजारू अंगठीत या रेघा एकसारख्या गुळगुळीत दिसतात. हाताने कोरलेल्या रेघेची खोली कमी-जास्त होते आणि अंगठीच्या आतल्या बाजूला हातोडीच्या खुणा राहतात. पारखण्याची ही सोपी खूण आहे.

किमतीचे गणितही चांदीच्या बाजूने आहे. अंगठीची किंमत म्हणजे धातूचे वजन गुणिले त्या दिवसाचा भाव, अधिक घडणावळ. सोन्याचा भाव चांदीच्या साधारण पन्नास ते शंभर पट राहत आला आहे. त्यामुळे सोन्याच्या अंगठीत बहुतेक पैसा धातूत जातो आणि पैसे कमी पडले की पहिली काटछाट वजनात होते. पत्र्यासारखी पातळ, पहिल्याच फटक्याला वाकणारी अंगठी हाती येते. चांदीच्या अंगठीत पैसा कारागिराच्या हाताला जातो. पाच ग्रॅम चांदी आणि चार ग्रॅम चांदी यांच्या किमतीत फारसा फरक नसतो, फरक असतो तो कामात. तेव्हा चांदी घेताना वजनावर घासाघीस करण्यापेक्षा चांगला मअल्लम शोधण्यात वेळ घालवावा.

सोन्याची बाजूही ऐकायला हवी. ऑक्टोबर २०१५ मधील अतिवृष्टीत तिंदूफच्या छावण्यांतील मातीच्या विटांची हजारो घरे विरघळून गेली. ज्यांचे घर असे कधीही वाहून जाऊ शकते, ज्यांना बँकेत खाते उघडणे सोपे नाही, त्यांच्यासाठी बोटात मावणारे सोने ही हौस नसून शिल्लक असते. चांदीची अंगठी मोडली तर घडणावळ बुडते आणि हाती फार थोडे येते. सोने मोडले तर बराचसा पैसा परत येतो. वधूच्या घरी सोन्याचाच आग्रह असेल, तर त्यामागे हा विचार आहे की केवळ शेजारणीची बरोबरी, हे ओळखून बोलणी करावी. पहिल्या कारणासाठी सोने हवे असेल तर ते साध्या वळ्याच्या रूपात, मेहेरचा भाग म्हणून द्यावे आणि वाङ्‌निश्चयाची अंगठी चांदीचीच ठेवावी. दोन्ही हेतू एकाच पातळ सोन्याच्या अंगठीवर लादले की एकही नीट साधत नाही.

कस, खडा आणि वाळू

स्पेनमध्ये दागिन्याच्या सोन्याचा प्रचलित कस ७५०, म्हणजे अठरा कॅरट, चांदीचा ९२५. हे आकडे अंगठीच्या आत ठशाने उमटवलेले असतात. अठरा कॅरटच्या तीन ग्रॅमच्या अंगठीत शुद्ध सोने सव्वादोन ग्रॅम असते, आणि मोडताना हिशेब त्याचाच होतो. भारतीय वाचकाला बावीस कॅरटची, ९१६ च्या ठशाची सवय असल्याने हे प्रमाण कमी वाटेल; पण रोज घालायच्या अंगठीला अठरा कॅरटचा कणखरपणा उपयोगी पडतो. छावणीतल्या किंवा बाजारातल्या कारागिराच्या कामावर ठसा बहुधा नसतो. तेथे ओळखीचा कारागीर हाच ठसा. अनोळखी ठिकाणी घ्यायचीच असेल तर 'पांढरा धातू' म्हणून विकल्या जाणाऱ्या जर्मन सिल्व्हरपासून सावध राहावे. त्यात तांबे, जस्त आणि निकेल असते, चांदी अजिबात नसते. निकेलमुळे पुष्कळांच्या बोटाला खाज सुटते, पुरळ उठते.

सोन्याचा मुलामा दिलेली अंगठी वाळवंटात टिकत नाही. कारण वाळू. वाळूचे कण मुख्यतः क्वार्ट्झचे, आणि खनिजांची कठिणता मोजण्याच्या मोह्‌ज मापनावर क्वार्ट्झची कठिणता ७ आहे. वाऱ्याबरोबर उडणारी, गालिच्यावर, पिठात, सगळीकडे असणारी ही वाळू रोजच्या रोज अंगठीला घासत असते. मुलाम्याचा थर तिच्यापुढे लवकरच विरतो. हाच नियम खड्यांना. अंबर फारच मऊ, कठिणता अवघी दोन-अडीच. पिरोजा पाच-सहाच्या घरात. ओपलही सातच्या खालीच. हे खडे सणासुदीच्या गळ्यातल्या दागिन्यात शोभतात, रोजच्या अंगठीत त्यांची झळाळी जाते. अकीक मात्र कठिणतेत वाळूच्या जवळपास बरोबरीचा, स्वस्त, आणि मुस्लिम जगात अंगठीसाठी पूर्वापार मानाचा खडा. तांबूस अकीक चांदीच्या कोंदणात बसवला की वेगळ्या रत्नाची गरज उरत नाही. चमकच हवी असेल तर कृत्रिम झिर्कोनिया वाळूपेक्षा कठीण आहे आणि किमतीला अगदी हलका. प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांचे भाव गेल्या काही वर्षांत खूप उतरले असले तरी त्यांचे कोंदण सोन्याचे हवे, आणि मग खर्च कोंदणावर जातो.

खडा उंच नखांवर बसवलेला नसावा. मेल्हफाचे कापड पातळ असते आणि दिवसभर ते सावरावे लागते; उंच कोंदणात धागा अडकून कापडही फाटते आणि खडाही सैल होतो. खड्याभोवती पट्टी दाबून बसवलेले बुटके कोंदण, किंवा खडाच नसलेली कोरीव अंगठी, अधिक सोयीची.

मापाचा घोळ अनेकदा होतो, कारण वर एका देशात आणि बोट दुसऱ्या देशात. स्पेनमधील मापाची युक्ती सोपी आहे : अंगठीच्या आतल्या घेराचे मिलिमीटर घ्यावे आणि त्यातून ४० वजा करावे. घेर ५२ मिलिमीटर असेल तर माप १२. वधूची एखादी बसणारी अंगठी मिळाली तर उत्तम. ती मिळवून देण्याचे काम तिच्या मैत्रिणींइतके चांगले कोणी करत नाही. दोऱ्याने मोजायचे तर सांध्यावरूनही मोजावे आणि सकाळच्या थंडीत मोजू नये. वाळवंटात पहाटे आणि दुपारी तापमानात मोठा फरक पडतो. उन्हात बोटे सुजतात आणि थंडीत बसलेली अंगठी दुपारी निघत नाही. अर्ध्या मापाने सैल घेतलेली बरी. पूर्ण गोलाईत नक्षी असलेली अंगठी नंतर मोठी-लहान करता येत नाही. तळाशी साधी पट्टी असेल तर करता येते.

अंगठी कोणाची?

बोलणी मोडली तर अंगठीचे काय, हा प्रश्न कोणीच आनंदाच्या प्रसंगी काढत नाही आणि भांडणे नेमकी त्यावरूनच होतात. खित्बा हे वचन आहे, विवाह नव्हे, याबद्दल दुमत नाही. मोरोक्कोच्या कायद्यानुसार वाङ्‌निश्चय मोडल्यास दोन्ही बाजूंना दिलेल्या भेटी परत मागता येतात, पण ज्याने तो मोडला त्याला हा हक्क नाही. अल्जीरियाच्या कायद्याचा रोखही तसाच : मुलाने मोडल्यास त्याने दिलेले परत मिळत नाही, मुलीने मोडल्यास न वापरलेल्या भेटी तिने परत कराव्यात. मेहेर म्हणून आगाऊ दिलेल्या रकमेला मात्र वेगळा न्याय. विवाहच झाला नाही तर मोरोक्कोच्या कायद्यानुसार ती रक्कम परत करावी लागते. म्हणजे एकच अंगठी 'भेट' असेल तर एक नियम आणि 'मेहेरचा भाग' असेल तर दुसरा. देतानाच ती काय म्हणून दिली हे दोन्ही घरांच्या साक्षीने उच्चारलेले बरे. जेथे शब्दालाच मान आहे तेथे एवढे उच्चारणे जड जाऊ नये.

नवऱ्या मुलासाठी अंगठी घ्यायची प्रथा स्पेनच्या सहवासाने काही घरांत शिरली आहे. इस्लाममध्ये पुरुषाला सोने वर्ज्य आहे. चांदीची एक अंगठी चालते आणि मालिकी फकीह तिचे वजन दोन दिरहमांपर्यंत, म्हणजे साधारण सहा ग्रॅमपर्यंत, मर्यादित ठेवायला सांगतात. तिची पाच आणि त्याची सहा ग्रॅम धरली तरी दोघांना मिळून अकरा ग्रॅम चांदी पुरते. घरात एखादे मोडके, बिननक्षीचे पैंजण पडून असेल तर मअल्लमाला तेच द्यावे; त्यातून दोन्ही अंगठ्या निघून वर चांदी उरते.